गेलेल्या माणसाबद्दल खरं बोलावं

मार्च १९७९ मध्ये लोकसभेने जयप्रकाश नारायण यांना श्रद्धांजली वाहिली. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी निधनाची बातमी सभागृहात सांगितली, आदरांजलीची भाषणं झाली, कामकाज तहकूब झालं. जयप्रकाश तेव्हा मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते आणि जिवंत होते. बातमी खोटी निघाली, सरकारची व्हायची ती नाचक्की झाली. जयप्रकाश खरोखर गेले ते ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, पाटण्यात. तोवर त्यांच्या पुण्याईवर सत्तेत आलेलं जनता सरकार कोसळलं होतं आणि ऑगस्टमध्ये लोकसभाही विसर्जित झाली होती. म्हणजे ज्या सभागृहाने त्यांना ते हयात असताना श्रद्धांजली वाहिली, ते सभागृह त्यांच्या खऱ्या मृत्यूच्या वेळी शिल्लकच नव्हतं.

हा किस्सा सरकारी भोंगळपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला त्यात एक वेगळीच गोष्ट खटकते. कुणाचंच काही अडलं नाही. बातमी आली आणि भाषणं सुरू झाली. श्रद्धांजलीचं भाषण करायला माणूस जाणून घ्यावा लागत नाही, हे आपल्याला माहीत होतंच; तो गेलेला असावा लागतो एवढी तरी अट असेल असं वाटत होतं, तीही त्या दिवशी निकालात निघाली.

आज ही सभा रोज भरते, फक्त ती आपल्या हातातल्या फोनवर भरते. एखादा मोठा गायक, खेळाडू, शास्त्रज्ञ, नट गेल्याची बातमी येते आणि दहा मिनिटांत संदेशांची रांग लागते. कधीही न भरून निघणारी पोकळी. एका युगाचा अंत. बहुआयामी व्यक्तिमत्त्व. नाव तेवढं बदललं की गायिकेसाठी लिहिलेला मजकूर फिरकी गोलंदाजाला चालतो आणि त्याचा अणुशास्त्रज्ञाला. ‘बहुआयामी’ हा शब्द दिसला की मला हल्ली खात्रीच वाटते, लिहिणाऱ्याला त्यातला एकही आयाम आठवत नाहीये.

याच्या तुलनेत वर्तमानपत्रांच्या ज्या पद्धतीला लोक हसतात, ती मला फार सभ्य वाटते. मोठी वर्तमानपत्रं नामवंतांचे मृत्युलेख ते जिवंत असतानाच लिहून ठेवतात. एलिझाबेथ टेलर २०११ मध्ये गेली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने छापलेल्या मृत्युलेखावर मेल गसॉ यांचं नाव होतं. गसॉ स्वतः २००५ मध्येच वारले होते. यात गंमत आहेच. पण त्यामागे एक कष्टाची गोष्टही आहे. कुणीतरी कैक वर्षं आधी शांतपणे बसून त्या बाईचे चित्रपट, तिची लग्नं, तिची आजारपणं, एड्सग्रस्तांसाठी तिने केलेलं काम, हे सगळं वाचलं, तपासलं, लिहिलं. मृत्यूची वाट न पाहता आयुष्याचा विचार केला. आपण नेमकं उलटं करतो. मृत्यूची बातमी आली की आयुष्याचा विचार न करता लिहितो.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर हा लेख हळव्या लोकांची टिंगल करणारा वाटेल. कधीही न भेटलेल्या माणसाच्या मृत्यूने रडू येणं, यात काहीही खोटं नाही. ‘तो तुझा कोण लागत होता?’ असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. डॉनल्ड हॉर्टन आणि आर. रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ मध्येच रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं त्यावर निबंध लिहिला होता. समोरचा आपल्याला ओळखत नाही, आपण मात्र त्याचं बोलणं, हसणं, थांबणं ओळखतो. नातं एकतर्फी असलं म्हणून त्यातली आपली बाजू खोटी ठरत नाही. ग्रंथांशी, संतांशी, शंभर वर्षांपूर्वीच्या कवींशी माणसाचं नातं एकतर्फीच असतं, आणि त्यावर माणसं आयुष्य काढतात.

इरफान खान २९ एप्रिल २०२० रोजी गेला, तेव्हा मला जे झालं ते मी आजही पुरतं समजू शकलेलो नाही. टाळेबंदी होती, अंत्यविधीला मोजकी माणसं होती. त्याने आजार कळल्यानंतर लंडनहून लिहिलेलं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. आपण वेगात चाललेल्या गाडीत बसलोय, डोक्यात बेत आहेत आणि अचानक तिकीट तपासनीस खांद्यावर थाप मारून सांगतो की तुमचं ठिकाण आलं, उतरा, असं काहीसं त्याने त्यात लिहिलं होतं. तो ५३ वर्षांचा होता. त्याच्या बाबतीत माझं दुःख सरळ होतं. तो अजून करणार होता ती कामं आता होणार नव्हती.

लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या, तेव्हा हिशेब असा सरळ नव्हता. वय ९२. गाणं त्यांनी जवळपास थांबवलेलं होतं. ५ फेब्रुवारीला जी गाणी माझ्याकडे होती ती सगळीच्या सगळी ७ फेब्रुवारीलाही होती, एक सूर कमी झाला नव्हता. मग गेलं काय? मी बराच विचार केला आणि उत्तर थोडं अडचणीचं आलं. माझंच काहीतरी गेलं होतं. लहानपण, आईचा रेडिओ, ज्यांच्यासोबत ती गाणी ऐकली ती माणसं. हे सगळं एका नावाशी बांधलेलं होतं आणि ते नाव आता भूतकाळात गेलं होतं. थोडक्यात, मी बऱ्याच अंशी स्वतःसाठी रडत होतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र मग तसंच लिहावं. ‘देशाची अपरिमित हानी’ लिहिण्यापेक्षा ‘अमुक एका वर्षी, अमुक एका गाण्याने मला सावरलं’ हे लिहिणं कितीतरी खरं. देशाचं काय झालं ते मला ठाऊक नसतं, माझं काय झालं ते ठाऊक असतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: चाहत्याकडे गेलेल्या माणसाचं ऋण असतं, आणि ऋण मान्य करायचं तर ते नेमकं सांगावं लागतं. नेमकं सांगायला गेलं की माणूस अख्खा सांगावा लागतो, त्याच्या चुकांसकट, हट्टांसकट. मृताबद्दल फक्त चांगलंच बोलावं हा संकेत आपण सभ्यता म्हणून पाळतो. मला तो बहुतेक वेळा आळस वाटतो, आणि कधीकधी अन्याय.

आळसाचं उदाहरण आधी. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्या दिवशी मी वाचलेल्या बहुतेक मजकुरांत ‘विज्ञान सोप्या भाषेत सांगणारे थोर शास्त्रज्ञ’ असं होतं, आणि काहींत ‘बिग बँग सिद्धान्ताला आव्हान देणारे’ असंही होतं, जणू त्यांनी ते आव्हान जिंकलं. वस्तुस्थिती अशी की १९६४ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला, भारतात त्यांचं नाव घरोघरी गेलं, २६व्या वर्षी पद्मभूषण मिळालं. हॉइल ज्या स्थिर विश्वाची, म्हणजे ज्याला आरंभच नाही अशा विश्वाची, बाजू लढवत होते, त्या विश्वाला १९६५ मध्ये मोठा धक्का बसला. पेन्झियस आणि विल्सन यांना अवकाशात सगळीकडून येणारं सूक्ष्मतरंग प्रारण सापडलं, ते आरंभीच्या तप्त विश्वाची खूण मानलं गेलं आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ बिग बँगच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी स्थिर विश्वाची सुधारित आवृत्ती मांडली. तीही फारशी स्वीकारली गेली नाही.

म्हणजे विश्वाच्या उत्पत्तीबद्दलच्या आपल्या मुख्य दाव्यात नारळीकर हे, आजच्या बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते, हरलेल्या बाजूला होते. हे लिहिलं तर त्यांचा अपमान होतो का? माझ्या मते हे गाळलं तर होतो. कारण त्यांच्याकडून मला जे मिळालं ते नेमकं इथलं आहे. जगभरातले जवळपास सगळे सहकारी एका बाजूला असताना माणूस दुसऱ्या बाजूला चाळीस-पन्नास वर्षं कसा राहतो? चिडचिड न करता, कट-कारस्थानाची भाषा न बोलता, गणित मांडत, निरीक्षणं मागत. त्यांनी पुण्यात उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात बिग बँग मानणारे संशोधक मानाने काम करत होते. कोणत्याही गोष्टीला ‘तुमच्या विज्ञानाला काय कळतंय’ म्हणणारे लोक नारळीकरांचं नाव ढालीसारखं वापरतात, तेव्हा त्यांना हे सांगावं लागतं की अल्पमतात असण्यात आणि पुरावा झिडकारण्यात फरक आहे, आणि हा माणूस तो फरक जगला. ज्योतिषाच्या बाबतीतही त्यांनी नुसतं मत दिलं नाही. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा २०० कुंडल्या घेतल्या, त्यांतल्या थोड्या थोड्या वेगवेगळ्या ज्योतिषांकडे पाठवल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली, त्यांत बरोबर निघालेली ४६ टक्के. नाणं उडवूनही साधारण ५० टक्के जमतात. ही चाचणी करताना त्यांच्यासोबत नरेंद्र दाभोलकर होते.

आणि हो, १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या खोट्या नावाने कथा पाठवली होती, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून. नावाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ‘बहुआयामी’ म्हणून हे सगळं एका शब्दात गुंडाळणाऱ्याला काय म्हणावं?

आता अन्यायाकडे येतो. इथे प्रकरण जड होतं.

कॅनडाच्या कथाकार अ‍ॅलिस मन्रो १३ मे २०२४ रोजी गेल्या. २०१३चं साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं होतं. जगभरातल्या लेखकांनी त्यांच्यावर लिहिलं, आणि जे लिहिलं ते मनापासून होतं. बाईंच्या कथा आहेतच तशा. जुलैमध्ये त्यांच्या धाकट्या मुलीने टोरांटो स्टारमध्ये लेख लिहिला. ती नऊ वर्षांची असताना सावत्र वडिलांनी तिच्यावर लैंगिक अत्याचार केले होते. मोठी झाल्यावर तिने आईला ते पत्राने कळवलं. आई त्याच नवऱ्याबरोबर राहिली, त्याच्या मृत्यूपर्यंत. त्या माणसाने २००५ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूलही केला होता. म्हणजे ही गोष्ट न्यायालयाच्या कागदांत एकोणीस वर्षं पडून होती. मन्रोंच्या चरित्रकाराला ती माहीत होती, साहित्यवर्तुळातल्या आणखी काहींना माहीत होती.

मे महिन्यातल्या श्रद्धांजल्यांमध्ये ज्यांना हे माहीत होतं त्यांनी लिहिलं नाही. मृताबद्दल वाईट बोलू नये, हा नियम त्यांनी पाळला असं म्हणता येईल. पण तो पाळण्याची किंमत कुणी मोजली? मन्रोंनी नाही, त्या गेल्या होत्या, त्यांना स्तुतीचा फायदा नव्हता आणि निंदेचा तोटाही नव्हता. किंमत मोजली ती एका जिवंत बाईने, जी आपल्या आईच्या करुणेचे, स्त्रियांच्या अंतरंगाच्या जाणिवेचे गोडवे आठवडेच्या आठवडे वाचत होती. हा नियम मृताच्या रक्षणासाठी आहे असं आपण मानतो. प्रत्यक्षात तो बोलणाऱ्याच्या सोयीचा असतो आणि त्याचा भार ज्याचं वाईट झालेलं असतं त्याच्यावर पडतो.

मन्रोंच्या कथा मी पुन्हा वाचल्या. त्या वाईट झालेल्या नाहीत. त्यांत न बोललेल्या गोष्टींभोवती माणसं कशी जगतात याचं जे ज्ञान आहे, ते कुठून आलं असेल हा विचार आता डोक्यातून जात नाही, एवढंच. हे वाचन पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि माझ्या मते जास्त खरं आहे. चाहता म्हणून मला कुणी यापासून वाचवावं, अशी माझी मागणी नाही.

जेम्स वॉटसन नोव्हेंबर २०२५ मध्ये ९७व्या वर्षी गेले, तेव्हा चित्र वेगळं होतं. डीएनएच्या रचनेचा शोध आणि वंशाबद्दलची त्यांची संतापजनक विधानं या दोन्ही गोष्टी मृत्युलेखांत शेजारी शेजारी छापल्या गेल्या, जिच्या क्ष-किरण छायाचित्रांचा त्या शोधाला आधार मिळाला त्या रोझलिंड फ्रँकलिनचं नावही आलं. पण तिथे लपवण्याची सोयच नव्हती. ते हे सगळं स्वतःच मोठ्याने बोलले होते, आणि ज्या प्रयोगशाळेचे ते कित्येक वर्षं प्रमुख होते तिने २०१९ मध्ये त्यांचे मानद किताब काढून घेतले होते. चव्हाट्यावर आलेलं सांगायला धैर्य लागत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप वेळेचा असतो. घरात मृत्यू झालाय, मुलंबाळं दुःखात आहेत, आजच का? मला हा आक्षेप मान्य आहे, पण तो अर्धाच वापरला जातो. वेळ नसेल तर गप्प बसावं. गप्प बसण्याला कुणाची हरकत नाही. पण त्याच दिवशी आपण ‘आदर्श पिता’, ‘निष्कलंक चारित्र्य’ असं लिहीत असलो, तर निवाडा करण्याची वेळ आलेली आहे हे आपणच मान्य केलं. स्तुतीसाठी दार उघडं आणि सत्यासाठी सुतक, असं चालत नाही.

‘मरणान्तानि वैराणि’ हे वचन अशा वेळी हमखास तोंडावर फेकलं जातं. वैर मरणापाशी संपतं, हे राम बिभीषणाला सांगतो, कारण बिभीषण रावणाचे अंत्यसंस्कार करायला तयार नसतो. पण तिथेच, त्याच संवादात, राम रावणाबद्दल काय म्हणतो ते कुणी सांगत नाही. हा राक्षस अधर्माने आणि असत्याने भरलेला होता हे खरं. तेजस्वी, बलवान आणि युद्धात शूर होता हेही खरं. दोन्ही एका दमात. वैर संपवायला सांगणारा राम सत्य संपवायला सांगत नाही. वाल्मीकींनी हे इतकं सोपं करून ठेवलंय, तरी आपण त्यातला आपल्याला परवडणारा अर्धा श्लोक उचलला.

विरोधकांच्या श्रद्धांजल्या अनेकदा चाहत्यांपेक्षा चांगल्या का उतरतात, याचं उत्तरही इथेच असावं. गोपाळ कृष्ण गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये गेले. टिळक आणि गोखले यांच्यातला वाद काही मामुली नव्हता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीपासून सुरत काँग्रेसपर्यंत आणि त्यानंतरही तो चालला होता. त्याच टिळकांनी गोखल्यांच्या चितेसमोर त्यांना भारताचा हिरा आणि महाराष्ट्राचं रत्न म्हटलं, आणि जमलेल्यांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं. ही स्तुती आज शंभरावर वर्षांनीही खरी वाटते, कारण ज्या तोंडून ती आली त्या तोंडाने जिवंत गोखल्यांना कधी सूट दिली नव्हती. नेहरू गेल्यावर २९ मे १९६४ रोजी संसदेत अटलबिहारी वाजपेयींनी केलेल्या भाषणाचंही तेच. मतभेद सगळ्यांना माहीत होते, म्हणून आदराला वजन आलं. चाहत्याकडे हे भांडवल नसतं. त्याने आयुष्यभर मान डोलावलेली असते, मग शेवटच्या दिवशीची मानही त्याच सवयीची वाटते. चाहत्याने आपल्या शब्दाला वजन आणायचं तर त्याला एकच मार्ग उरतो. आपल्याला काय पटलं नाही, तेही सांगणं.

निर्दोष मूर्तीचा आग्रह धरला की आणखी एक भयंकर गोष्ट घडते. मूर्ती निर्दोष, तर मृत्यूचा दोष कुणावर तरी घालावाच लागतो. सुशांतसिंह राजपूत १४ जून २०२० रोजी गेला. त्याचे चाहते खरंच हादरले होते, त्याबद्दल मला शंका नाही. पण एक हुशार, यशस्वी, हसरा मुलगा मनाने आजारी असू शकतो, हे मान्य करणं त्यांच्यातल्या पुष्कळांना जमलं नाही. मग खलनायकाची गरज पडली. काही वृत्तवाहिन्यांनी तो रोज रात्री पुरवला. त्याच्या मैत्रिणीला महिनाभर तुरुंगात राहावं लागलं. सीबीआयने मार्च २०२५ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, घातपाताचा पुरावा मिळाला नाही. तोवर तो शोक कुठल्या कुठे विरून गेला होता, उरली होती ती एका बाईच्या आयुष्याची नासधूस. त्या मुलाच्या आजारपणाबद्दल पहिल्या आठवड्यात समंजसपणे बोललं गेलं असतं, तर त्याच अवस्थेतून जाणाऱ्या हजारो तरुणांच्या काही उपयोगी पडलं असतं. ती संधी भक्तीने घालवली.

भक्ती हा शब्द आला की बाबासाहेब आंबेडकर आठवणारच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत ते म्हणाले होते की धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्षाकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याआधीचं, १८ जानेवारी १९४३चं त्यांचं पुण्यातलं भाषण कमी आठवलं जातं. न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१व्या जयंतीचा कार्यक्रम होता, बोलावणं गौरवासाठीच होतं. आंबेडकरांनी आधी प्रश्न टाकला की रानडे थोर होते का, आणि थोर कुणाला म्हणायचं. मग त्यांच्यावरचे आक्षेप घेतले, ते तपासले, कुठे रानडे अपुरे पडले ते पाहिलं आणि त्या सगळ्यातून जाऊन त्यांना थोर म्हटलं. वाटेत गांधी आणि जिना या हयात नेत्यांच्या विभूतिपूजेवरही कोरडे ओढले. आदरांजलीचं याहून चांगलं उदाहरण मला मराठी मुलखात तरी माहीत नाही. आणि ज्या माणसाने ते घालून दिलं, त्याच्यावरच आज सगळ्यात जास्त ठरावीक संदेश पाठवले जातात. बाबासाहेबांच्या एखाद्या निर्णयाशी असहमती दाखवून त्यांना आदरांजली वाहिलेली तुम्ही शेवटची कधी वाचली होती?

असहमतीला आपण घाबरतो, कारण जिवंत माणसाचं ऐकायची आपल्याला सवय नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण उगाच नाही जन्मली. आगरकरांना त्यांच्या विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहावी लागली. १८९५ मध्ये ३८व्या वर्षी ते गेले. आज त्यांचं नाव संस्थांना, रस्त्यांना आहे, आणि त्यांनी ज्या गोष्टींवर प्रहार केले त्या गोष्टी त्याच रस्त्यांवरून मिरवत जातात. मेलेल्या सुधारकाचा आदर करणं सोपं असतं, कारण तो उद्या सकाळी उठून आपल्याला पुन्हा काही सांगणार नसतो.

नरेंद्र दाभोलकरांचं असंच झालं. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते दीड दशकाहून जास्त काळ सरकारांचे उंबरठे झिजवत होते. मसुदा बदलला, कलमं गळाली, अधिवेशनामागून अधिवेशनं गेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेश मंजूर केला. डिसेंबरमध्ये कायदा झाला. इतक्या वर्षांत जे जमत नव्हतं ते एका दिवसात जमलं, म्हणजे ते जमण्यासारखं आधीही होतं. त्या अध्यादेशाला तेव्हा ‘दाभोलकरांना खरी श्रद्धांजली’ म्हटलं गेलं. मला तो तेव्हाही कबुलीजबाब वाटला होता, आजही वाटतो.

दाभोलकरांशी माझे मतभेद आहेत. श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्यात ते जी रेघ ओढत, ती मला पुरेशी ठाम वाटायची नाही. देवा-धर्माबद्दल तटस्थ राहण्याची त्यांची भूमिका चळवळीच्या सोयीची होती, तर्काच्या दृष्टीने ती पुढे जायला हवी होती असं मला वाटतं. त्यांनी यावर मला गप्प केलं असतं, बहुधा एखाद्या शांत प्रतिप्रश्नाने, आणि तो प्रश्न काय असता हे आता कळायची सोय नाही. माझ्यापुरती त्यांच्या जाण्याने झालेली हानी ही एवढी नेमकी आहे.

१० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांची सुटका केली. दोषी ठरलेले हे दोघे कटाचे सूत्रधार नाहीत, सूत्रधार दुसराच कुणी आहे आणि त्याच्यापर्यंत तपास यंत्रणा पोचू शकल्या नाहीत, असंही न्यायालयाने नोंदवलं. येत्या २० ऑगस्टला सत्तेतल्या कुणाचा अभिवादनाचा संदेश आला, दाभोलकरांना बहुआयामी म्हणणारा, तर त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकू नये. त्या सूत्रधाराचा शोध कुठवर आलाय, तपास सध्या कोणाकडे आहे, हे दोन प्रश्न तिथे लिहावेत, आणि उत्तर येईपर्यंत दर वर्षी लिहावेत.